फळ्यांखालची जमीन

रेंजरसाहेब आमच्या बैठकीत खुर्चीसकट डावीकडे कलले, तेव्हा त्यांच्या हातात मी केलेल्या पोह्यांची बशी होती. आधी बारीकसा कुर्रर्र आवाज झाला. मग खुर्चीचा मागचा एक पाय जमिनीत शिरला आणि साहेब अगदी सावकाश, दिवस मावळावा तसे, खाली जाऊ लागले. पडले मात्र नाहीत. कोपर भिंतीला टेकवून मधेच थांबले. बशी त्यांनी शेवटपर्यंत सरळ धरली होती, एक शेंगदाणा सांडला नाही.

"फळ्या बदलाव्या लागतील," ते तिथूनच म्हणाले, आणि उरलेले पोहे संपवूनच उठले.

माझे यजमान तेव्हा चांदा जिल्ह्यातल्या एका सरकारी लाकूड-डेपोत कारकून होते. सिंदेवाहीला छोट्या रेल्वेगाडीतून उतरायचं आणि तिथून बैलगाडीनं जंगलातून अर्धा दिवस जायचं, असं ते गाव. मी एकोणीस वर्षांची. लग्नाला सहा महिने झालेले. माहेर वरोऱ्याचं, कापसाच्या गाठी आणि काळ्या मातीतलं. तिथे जमीन म्हणजे सारवायची गोष्ट. लाकडाची जमीन मी या घरात आल्यावर पहिल्यांदा पाहिली, आणि पहिले चार दिवस पलंगावरून पाय खाली टाकताना उगीचच कुणाच्या तरी टेबलावर उभं राहतोय असं वाटायचं.

घर कुण्या गोऱ्या साहेबानं बांधून घेतलेलं. दोन हात उंच दगडी जोतं, आत पोकळ. पोकळीत दगडी ठोकळे, ठोकळ्यांवर सागाच्या कड्या, कड्यांवर फळ्या. वर कवेलूंचं छप्पर. दोन खोल्यांना फळ्या होत्या, मागचं स्वयंपाकघर तेवढं मातीचं. फळ्या इतक्या जुन्या की प्रत्येकीचा आवाज वेगळा. कपाटाजवळची कण्हायची, खिडकीखालची शिंकल्यासारखी करायची. मी चुलीपुढे बसून सांगू शकत असे की यजमान आता कुठे उभे आहेत. गुळाच्या डब्यापर्यंत त्यांना गुपचूप जाता आलं नाही, ही त्या घराची एक चांगली बाजू.

साहेब कलल्यावर महिन्याभरात नव्या फळ्या मंजूर झाल्या. डेपो आमचाच, साग समोरच पडलेला. अडलं ते सुतारावाचून. गावातला सुतार बैलगाडीची चाकं आणि नांगर करणारा, तो म्हणाला, "जमीन लाकडाची कायले पायजे? माती मेली काय?" शेवटी वडशाकडून एक मिस्त्री बोलावला. साठीचा, सडपातळ, कानात बिडी खोचलेला. हिवाळ्यात त्या भागात नाटकं होतात, त्यांचे मंच बांधणं हे त्याचं खरं काम, आणि उरलेल्या वेळात, त्याच्याच शब्दांत, "लोकाइची घरं".

तो आला, जोडे काढले, आणि काही न बोलता आमच्या बैठकीत नाचायला लागला.

मी दारात उभी. यजमान हातात कागद घेऊन उभे. मिस्त्री एक पाय आपटे, थांबे, कान देई, गिरकी घेई, पुन्हा आपटे. असं नाचत त्यानं दोन्ही खोल्या घेतल्या. मग घाम पुसत म्हणाला, "बाई, पाणी द्या. साहेब, तुमचं घर मेलं."

"फळ्या तर बदलायच्याच आहेत," यजमान म्हणाले. "जुन्या राहू द्या. त्यांच्यावरूनच नव्या ठोकून टाका. चार दिवसांत काम."

मिस्त्रीनं बिडी कानातून काढली आणि परत खोचली. "वरून कीर्तन अन् आतून तमाशा? साहेब, मंचावर फळी करकरली ना, तर राजा मेला तरी लोक हसते. मी तशी फळी ठोकत नाई. आधी खालचं पाहू द्या. कड्या कशा आहे, ठोकळे कसे आहे, माती कशी आहे. खालचं सुधरलं तर वरची फळी आपोआप चूप बसते."

यजमानांना हे पटलं नाही, पण कारकुनाला सुताराशी वाद घालता येत नाही. पटाशी कुणाच्या हातात आहे ते शेवटी महत्त्वाचं.

दुसऱ्या दिवशी फळ्या निघायला लागल्या. पहारीनं एक टोक उचललं की जुना खिळा ओरडत बाहेर यायचा आणि खालून थंड, कुबट वाऱ्याचा झोत. वीस-पंचवीस वर्षांत फटींतून खाली गेलेलं सगळं तिथे होतं. कोटाची बटणं, एक चमचा, आकडे, तुटकी फणी, लहान मुलाचं एकच वाळं, आणि माणसाच्या दातांची अर्धी कवळी. ही कवळी कुणाची यावर डेपोत आठवडाभर चर्चा झाली. डेपोतले वयानं मोठे असलेले सगळे जण त्या आठवड्यात एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. कवळी कुणी घेऊन गेलं नाही.

बैठकीत भिंतीला लागून, फळ्यांच्या अगदी खाली, एक वारूळ उभं होतं. मांडीएवढं जाड, कडीला जाऊन भिडलेलं. वाळवीनं ते खालून बांधत नेलं होतं आणि वर पोचल्यावर सागाची कडी खायला सुरुवात केली होती. साग वाळवी खात नाही असं डेपोतली सगळी माणसं शपथेवर सांगत. मिस्त्रीनं कडीत बोट घातलं, ते दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.

"खात नाई म्हणे," तो म्हणाला. "तिले कोणी सांगितलं नसन."

जोत्यातले हवेचे झरोके बुजलेले, त्यामुळे खाली दमट. तीन कड्या बदलायच्या, पाच ठोकळे हललेले, आणि सगळी माती उकरून मुरूम, राख, चुना घालून धुमसून काढायची. मातीचं काम मिस्त्री करणार नव्हता. "माती ही बाईची विद्या हाय," तो म्हणाला. "इथी कोणी चांगली सारवणारी असन तर बोलवा."

गावाच्या कडेला जंगलात एक टोला होता, दहा-बारा घरांचा. तिथली एक बाई भिंती सारवण्यात एकदम पक्की, असं सगळे म्हणत. चाळिशीची असेल. डेपोच्या चाळीतल्या अंगणांचं, बाहेरच्या भिंतींचं काम तीच करायची. आमच्या मागच्या कुडाला तिनंच पावसाळ्यानंतर पांढरी माती दिली होती. मी तिला बोलवायला गेले. तिनं जोहार केला, बसायला खाट दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अंगणातलं सांगा, बाई. त्या घरात मी येत नाई."

"काऊन?"

तिनं सरळ सांगितलं. आवाज न चढवता, भात निवडता निवडता. सहा वर्षांपूर्वी त्या घरात दुसरे कारकून राहत. ही त्यांच्याकडे भांडी घासायची, स्वयंपाकघर सारवायची. एक दिवस त्यांच्या बायकोनं न्हायला जाताना नथ कोनाड्यात काढून ठेवली आणि परत आली तर नथ नाही. घरात तिसरं माणूस ही एकटीच. अंगणात चार लोकांपुढे हिचं गाठोडं सोडून पाहिलं. काही सापडलं नाही. पोलिसात कुणी गेलं नाही. कुणी काही म्हणालंही नाही. "पण त्या दिसापासून मले चाळीत कोणी घरात नाई घेतलं," ती म्हणाली. "बाहेरची भीत सारव, आंगण सारव. दाराच्या आत नाई."

मी आमच्याच अंगणात सहा महिने तिला पाणी देत आले होते, तेही बाहेरच. का, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, तिला आत यायला आवडत नसेल. खाटेवर बसून मला एकदम लाज वाटली आणि लाज वाटली की मी फार बोलते.

"पण आता तिथे घर आहेच कुठे?" मी म्हणाले. "फळ्या सगळ्या काढल्या. खाली माती आहे, वर कवेलू आहे. मधे काही नाही. ते घर मिस्त्रीभाऊ म्हणतात मेलं."

ती निवडायची थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग हसली. "माती हाय म्हणता?"

"नुसती माती."

"मातीवर येईन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली. दार ओलांडून कड्यांच्या मधल्या फटीतून खाली मातीत उतरली, तेव्हा गुडघ्याच्या वरपर्यंत घरात बुडाली. तिनं चारी बाजूंनी पाहिलं, मूठभर माती उचलून दाबली, हुंगली, आणि मिस्त्रीला म्हणाली, "भाऊ, झरोके काऊन नाई उघडले अजून?"

"उघडतो, बाई. आधी कड्या."

"आधी झरोके. वारा नाई तर माती वाळन कशी?"

त्या दोघांचं जे सुरू झालं ते पंधरा दिवस चाललं. तो लाकडाची बाजू घ्यायचा, ती मातीची. तो म्हणे, माती लाकडाला ओल देते. ती म्हणे, लाकूड मातीचा श्वास कोंडते. तो म्हणे, घर लाकडावर उभं राहते. ती म्हणे, अन् लाकूड कशावर उभं राहते, तुमच्या बिडीवर? मी दोघांना चहा देत असे. यजमान डेपोतून आले की दाराशी उभं राहून, "किती झालं?" एवढंच विचारत आणि दोघेही एकदम, "होऊन राह्यलं," म्हणत.

वारुळावरून मात्र दोघांचं भांडण झालं नाही. मिस्त्रीनं कुदळ उचलली तेव्हा ती म्हणाली, "थांबा भाऊ. आधी विचारू द्या." तिनं वारुळापुढे थोडे तांदूळ ठेवले, मोहाची वाळकी फुलं ठेवली आणि आपल्या भाषेत काहीतरी हळू बोलली. बराच वेळ बसून राहिली. मिस्त्रीनं कुदळ खाली ठेवून डोक्याचं फडकं काढलं होतं.

"काय म्हणते?" त्यानं शेवटी विचारलं.

"दोन दिस मागते," ती उठत म्हणाली. "सामान बांधाचं हाय म्हणे."

दोन दिवस मिस्त्री दुसरंच काम करत राहिला. कड्या समतल आहेत का ते पाहायला त्यानं माझ्याकडून काठाची थाळी मागितली. लांब सरळ फळी दोन कड्यांवर टाकायची, तिच्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेली थाळी ठेवायची, आणि पाणी कोणत्या बाजूनं सांडतं ते पाहायचं. जी कडी उंच तिच्यावर गेरूनं फुली. मग वाकस घेऊन तेवढीच जागा तासायची. जी कडी खोल तिच्याखाली लाकडाच्या चिपा. हे इतकं नाजूक काम की तो श्वास रोखून करायचा. एकदा यजमान मागून येऊन खोकले आणि सगळं पाणी यजमानांच्याच अंगावर सांडलं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, तुमची बाजू खोल हाय."

तिसऱ्या दिवशी वारूळ काढलं. ती मुरूम आणायला ओढ्याकडे गेली होती. मिस्त्री कुदळीनं माती पाडत होता आणि मी वरून कडीवर बसून घमेलं धरत होते. वारुळाची माती भाजल्यासारखी कडक. एक ढेकूळ फुटलं आणि त्याच्यात काहीतरी लाल चमकलं. मिस्त्रीनं ते नखानं कोरलं. एक लाल खडा, मग मोती, मग वाकलेली सोन्याची तार.

नथ होती. कोनाडा बरोबर वरच्या भिंतीत होता. कोनाड्यातून घरंगळली, फळीच्या फटीतून खाली गेली, आणि वाळवीनं सहा वर्षांत तिच्याभोवती आपलं घर बांधत नेलं.

मिस्त्रीला सगळं माहीत होतं. पंधरा दिवस शेजारी काम करताना माणसं काय सांगत नाहीत? मला वाटलं, आता हा मंचावरच्यासारखा ओरडेल. तो ओरडला नाही. त्यानं नथ पाण्यात धुतली, फडक्यानं पुसली आणि एका कडीवर ठेवून तिच्याकडे पाठ करून बिडी ओढत बसला.

ती आली. डोक्यावरची मुरमाची टोपली उतरवली. मिस्त्रीनं नुसतं बोटानं दाखवलं.

ती वाकली. नथ उचलली. मातीनं भरलेल्या तळहातावर ठेवून कितीतरी वेळ पाहत राहिली.

"किती लहान हाय हो," ती म्हणाली. "मी कधी पाह्यलीच नव्हती. येवढं बोलणं झालं, मले वाटे मोठी असन."

आणि ती हसायला लागली. हसता हसता मुरमाच्या ढिगावर बसली. मग तिनं पदर तोंडावर घेतला, तेव्हा मिस्त्री उठून बाहेर गेला आणि मी खाली उतरून तिच्याजवळ बसले.

संध्याकाळी यजमान आले. त्यांनी नथ पाहिली आणि त्यांच्यातला कारकून जागा झाला. सरकारी घरात सापडलेली वस्तू. पंचनामा व्हायला हवा, वरिष्ठांना कळवायला हवं, मूळ मालकाला रीतसर पत्र जायला हवं. ती बाई सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "पत्र लिवा, साहेब. ज्याची त्याले द्या. पण आधी एक बाजार ही माझ्या नाकात राहीन."

"म्हणजे?"

"मंगळवारी बाजार हाय. सारे लोक येते. ज्यांनी गाठोडं सोडलेलं पाह्यलं तेही येते. एक बाजार मी ही घालून फिरीन. मंग द्या."

यजमान म्हणाले, "असं कसं करता येईल? नियमात..."

"साहेब," मिस्त्री दारातून म्हणाला, "नियमात नाक कुठी येते?"

यजमान माझ्याकडे पाहायला लागले. मी पोळ्या लाटत होते. मी म्हणाले, "मी पण जाईन बरोबर. साक्षीला." त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली, म्हणजे ते कारकून राहिले नाहीत. "मला काही दिसलं नाही," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

मंगळवारी ती धुतलेलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून आली. नथ तिला जड जात होती, नाक लाल झालं होतं, पण मान ताठ. आम्ही दोघी बाजारात शिरलो. ती कुणाला शोधत नव्हती. नेहमीसारखा बाजार करत होती. मीठ घेतलं, हळद घेतली, मिरच्या हाताळून पाहिल्या. लोक बघायला लागले. कुणी विचारलं की ती एवढंच म्हणायची, "ही तीच नथ. त्या घराच्या फळीखाली होती. विचारा या बाईले." आणि मी मान हलवायची.

तेलवाली मापात थोडं जास्त तेल ओतून मोकळी झाली. तांदूळ विकणारा म्हातारा म्हणाला, "मले तवाच माहीत होतं, ही चोर नाई म्हणून."

"मंग तवा काऊन नाई बोलला?" तिनं विचारलं. म्हातारा तांदळात हात घालून काहीतरी शोधायला लागला.

पहिल्या दोन-चार जणांपुढे मी नुसती मान हलवली. मग मी सांगायला लागले. वारूळ सांगितलं, कोनाडा सांगितला, मिस्त्रीनं कुदळ मारली ते सांगितलं. दहाव्या माणसापर्यंत माझ्या गोष्टीत वारुळातून एक नाग निघाला आणि फणा काढून नथीवर बसला. तिनं माझा दंड धरला.

"नाग नोका घालू, बाई," ती कानाशी म्हणाली. "खरं हाय तेवढंच पुरे. नाग घातला तर बाकीचंही खोटं वाटन."

मी नाग काढून टाकला. बाजार उठला तेव्हा तिनं नथ काढली, पळसाच्या पानात गुंडाळून माझ्या हातात दिली, नाक चोळलं आणि म्हणाली, "बापा, ह्या बाया दिवसभर कशा घालते?"

यजमानांनी पत्राचे तीन मसुदे केले. पहिल्यात "उपरोक्त विषयास अनुसरून" होतं. तिसऱ्यातही होतं. मग मी नथीच्या मालकीण बाईंना माझं वेगळं पत्र लिहिलं, चार ओळींचं. नथ कुठे सापडली, कुणाच्या हातून सापडली, आणि टोल्यावरची बाई इथेच आहे, एवढंच. ते जुने कारकून आता वडशाला बदलून गेले होते. मिस्त्री तिकडेच निघाला होता, कारण नाटकांचे दिवस आले होते, म्हणून नथ आणि दोन्ही पत्रं त्याच्याच हाती दिली. नव्या फळ्या त्यानं मागच्या पडवीत रचून ठेवल्या, दोन फळ्यांमधे बारीक पट्ट्या घालून. "महिनाभर झोपू द्या त्याइले," तो म्हणाला. "याच छपराची हवा लागली पायजे. घाईनं ठोकलं तर उन्हाळ्यात तोंड वाकडं करन." तोवर खालची माती सुकणार, कड्यांना लावलेलं डांबर सुकणार. सगळं बरोबर होतं. फक्त फळ्यांच्या ढिगानं मागचं दार अडलं होतं आणि पुढच्या दारातून स्वयंपाकघरात जायला मधे नुसत्या कड्या होत्या.

एक महिना आम्ही नवरा-बायको डोंबाऱ्यासारखे राहिलो. कड्यांमधलं अंतर दीड हात. पहिले दोन दिवस मी पदर खोचून, हात पसरून, देवाचं नाव घेत जायची. आठवड्यानं पाण्याची घागर घेऊन जायला लागले. यजमान धोतर वर धरून एका एका कडीवर थांबत आणि प्रत्येक कडीवर काहीतरी आठवल्यासारखं करत, म्हणजे भीती वाटते असं दिसू नये. एकदा मधल्या कडीवर आम्ही समोरासमोर आलो. ते डेपोत निघालेले, मी बाहेरून आत येणारी. मागं कुणीच सरेना. शेवटी त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले, मी त्यांचे धरले, आणि फुगडीसारखे फिरून आम्ही बाजू बदलल्या. दारात रेंजरसाहेब उभे होते. "नंतर येतो," ते म्हणाले. त्या खोलीत यायला ते तसेही जरा बिचकायचे.

महिन्यानं मिस्त्री परतला. आवाज बसलेला, चेहरा खुश. नथ आणि पत्रं पोचवली म्हणाला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणतीन काय? मी उभ्यानंच सारं सांगितलं. वारुळापासून बाजारापर्यंत. त्याइनं मले दोनदा चहा दिला. तिसऱ्यांदा देऊन राह्यल्या होत्या, मीच उठलो. शुक्रवारी येते म्हणे."

त्यानं मागच्या भिंतीकडून फळ्या ठोकायला घेतल्या. टोल्यावरची बाईही आली. पुढच्या भागातला मुरूम तिला शेवटचा एकदा धुमसायचा होता. शुक्रवारपर्यंत मागची अर्धी खोली झाली, दारापासून अर्धी तशीच उघडी.

शुक्रवारी दुपारी बैलगाडी थांबली. त्या बाई उतरल्या. गोऱ्या, चांगल्या अंगानं भरलेल्या, हातात गाठोडं. दारात आल्या आणि पुढची उघडी खोली पाहून थबकल्या. मी मागच्या फळ्यांवर होते, मिस्त्रीची फळी धरून, मला सोडता येईना. यजमान त्याच्या पलीकडे खिळे देत होते. जवळ होती ती टोल्यावरची बाई, कड्यांच्या मधे मातीत उभी, हातात माती ठोकायचा धुम्मस.

दोघींनी एकमेकींना पाहिलं. धुम्मस खाली टेकला. टोल्यावरच्या बाईनं हात लुगड्याला पुसला आणि वर केला.

"या," ती म्हणाली. "हात धरा. पाहून पाय टाका, ती कडी गोल हाय."

त्या बाईंनी हात धरला. त्या वरून कडी-कडीनं, ही खालून मातीतून, अशा दोघी निघाल्या. मधे पोचल्यावर त्या बाई थांबल्या. डोळे भरले होते. "मी तेव्हा..." त्या म्हणायला लागल्या, "तुझं गाठोडं..."

"आधी चाला," ही म्हणाली. "मधात उभं नोका राहू, पडसान. मंग बोला."

फळ्यांवर आल्यावर त्या बसल्या आणि बोलल्या. काय बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. फार नव्हतं, आणि त्यांचं त्यांच्यातच होतं. गाठोड्यातून त्यांनी एक नवं लुगडं काढलं. टोल्यावरच्या बाईनं ते घेतलं, पदर पाहिला, घडी केली. मग म्हणाली, "लुगडं घेतलं. आता एक सांगू? जाताना गाडीत बसू नोका. चाळीतून पायी चला माझ्यासंगं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"चालते," त्या म्हणाल्या. क्षणभरही न थांबता.

पण मिस्त्रीला त्यांच्यापैकी कुणालाच सोडायचं नव्हतं. एक फळी महिनाभर झोपूनही वाकडीच राहिली होती. एक टोक दाबलं की दुसरं उठे. "वजन पायजे," तो म्हणाला. यजमान लगेच बसले. फळी तशीच वर. मिस्त्रीनं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "साहेब, तुमचं वजन कागदावर चालन. उठा." मग मी बसले. मग वडशाच्या बाई बसल्या आणि फळी एकदम नम्र झाली. तरी बोटभर फट. टोल्यावरची बाई माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली आणि फट मिटली.

"आता हलू नोका," मिस्त्री गुडघ्यावर बसत म्हणाला. "बोलू नोका. श्वास हळू घ्या."

तिघी गप्प बसलो. पहिला खिळा गेला. मग वडशाच्या बाई एकदम म्हणाल्या, "नाक दुखलं असेल ना गं तुझं? त्या नथीचा आकडा पहिल्यापासूनच वाईट आहे. मी पण कधी घालत नसे. म्हणून तर कोनाड्यात असायची."

टोल्यावरची बाई आधी नुसती गदगदली, मग खो खो हसत सुटली. मी हसले. फळी उडायला लागली, मिस्त्रीचा हातोडा अंगठ्यावर बसला, आणि तो नाटकातल्या राजासारखा किंचाळला. ते ऐकून यजमानांच्या हातातले सगळे खिळे खाली मातीत सांडले.

खिळे वेचून झाल्यावर पुन्हा बसलो, पुन्हा ठोकलं. ऊन कलायला लागलं, गाडीवाला हाका मारायला लागला. मिस्त्रीनं त्या दोघींना उठू दिलं, मला नाही. एक टोक अजून राहिलं होतं. म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले नाही. फळीवर बसून उघड्या दारातून पाहिलं तेवढंच. मोकळी बैलगाडी पुढे चाललेली, तिच्यामागे दोघी, एकीच्या काखेत नवं लुगडं, आणि चाळीतल्या प्रत्येक दारात कुणी ना कुणी बाहेर येऊन उभं राहिलेलं.